इंडी गेमवाल्यांना सपोर्ट कसा करायचा आणि आपला सोर्स ओपन करावा का

तुझा प्रश्न थोडक्यात असा ना, की तुम्ही चौघं शेवटच्या वर्षाला आहात, गोडोमध्ये (गेम बनवायचं फुकट साधन) छोटा गेम बनवताय, इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतः गेम बनवणाऱ्या, डेव्हलपर्सना आणि त्यातही सोर्स, म्हणजे गेमचा मूळ कोड, सगळ्यांसाठी ओपन करणाऱ्यांना सपोर्ट करायची इच्छा आहे पण खिशात फार पैसे नाहीत, आणि उद्या आपलाच गेम ओपन केला तर कोणी उचलून स्वतःच्या नावाने विकेल का. मी बरीच वर्षं पोर्टिंगचं काम करते, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला गेम उघडायचा आणि तो वेगळ्या मशीनवर, वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालता करायचा, त्यामुळे लोकांच्या कोडच्या आत बराच वेळ गेलाय. उत्तर लांबेल, पण नीट वाच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. गेम बनवणं हे एक काम आणि त्याचा सोर्स लोकांच्या हातात देण्यालायक करणं हे दुसरं, पूर्ण वेगळं काम आहे, आणि या दुसऱ्या कामाचे पैसे जवळपास कधीच कोणी देत नाही. लोक डेव्हलपरला मेसेज करतात, जुना गेम झालाय ना आता, टाका ना गिटहबवर (जिथे कोड ठेवतात ती साइट), जणू एक बटण दाबायचंय. सपोर्ट करायचा म्हणजे या कामातला वाटा उचलायचा, पैशाने, वेळेने, जसं जमेल तसं.

हे पैशाशी जोडून कोणी चांगलं दाखवून दिलं असेल तर २०१० च्या मे महिन्यातल्या पहिल्या हंबल इंडी बंडलने. वुल्फायर गेम्स नावाच्या छोट्या टीमने वर्ल्ड ऑफ गू, अक्वेरिया, गिश, लुगारू आणि पेनंब्रा ओव्हर्चर असे पाच गेम एकत्र ठेवले (मधेच सामोरोस्ट २ पण आला), किंमत तुम्हीच ठरवा म्हणाले, आणि दिलेल्या पैशातले किती डेव्हलपर्सना, किती चाइल्ड्स प्ले या मुलांसाठीच्या संस्थेला, किती डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनला हेही देणाऱ्यानेच ठरवायचं. कॉपी प्रोटेक्शन नाही, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालणार. एक लाखाहून जास्त लोकांनी पैसे दिले, एकूण रक्कम साडेबारा लाख डॉलरच्या वर गेली, आणि लिनक्सवाल्यांनी सरासरी विंडोजवाल्यांपेक्षा बरेच जास्त दिले, जे त्या काळात लिनक्सवर गेम कोण विकत घेणार असं म्हणणाऱ्यांना चांगलंच उत्तर होतं. आकडा दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्यावर अक्वेरिया, गिश, लुगारू आणि पेनंब्रा या चौघांचा कोड ओपन करायचं जाहीर झालं. म्हणजे बघ, लोकांनी पैसे दिले, टीम्सना श्वास घ्यायला जागा मिळाली, आणि त्या जागेत त्यांनी कोड साफ करून बाहेर काढला. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

आता तुझी भीती. ती खोटी नाहीये, कारण यातल्याच लुगारूच्या बाबतीत ती खरी झाली. कोड जीपीएलखाली (असं लायसन्स की कोड कोणीही घ्यावा, पण बदलून वाटला तर तोही खुलाच ठेवावा) बाहेर आला, आणि २०११ च्या सुरुवातीला मॅक ॲप स्टोअरवर मूळ गेम १० डॉलरच्या आसपास विकला जात असताना दुसऱ्याच कोणीतरी जवळपास तोच गेम २ डॉलरला टाकला. पण वुल्फायरने फक्त कोड मोकळा केला होता, चित्रं, मॉडेल्स, लेव्हल्स हे सगळं त्यांच्याच हक्कात होतं, त्यामुळे ती नक्कल बेकायदाच होती, आणि थोडी धावपळ झाली पण ॲपलने शेवटी ती काढली. आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते पुढचं. एवढं होऊनही वुल्फायर मागे हटले नाहीत. काही वर्षांनी लुगारूचं आर्टसुद्धा क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या लायसन्सखाली सोडलं, आणि २०२२ ला ओव्हरग्रोथ या मोठ्या गेमचा कोड अपाची या मोकळ्या लायसन्सखाली दिला, तिथेही आर्ट स्वतःकडे ठेवून. ज्यांचा गेम खरंच चोरला गेला त्यांनीच परत कोड ओपन केला यातून काय ते समज.

आणि चोरायला सोर्स लागतोच असं नाही रे. २०११ मध्ये व्लॅम्बियर या छोट्या टीमच्या रॅडिकल फिशिंग या फ्लॅश गेमवरून दुसऱ्या कंपनीने निन्जा फिशिंग काढला, कोड वगैरे काही हातात नव्हता, नुसता खेळून बघितला आणि तसाच बनवला, व्लॅम्बियरचा स्वतःचा रिडिक्युलस फिशिंग यायला २०१३ उजाडलं. ज्याला ढापायचंय तो बंद कोडवरूनही ढापतोच, ज्याला शिकायचंय त्याच्यासाठी मात्र बंद कोड म्हणजे बंद दार.

उलट बाजूची दोन उदाहरणं तर रोज डोळ्यासमोर आहेत. माइंडस्ट्री हा गेम पूर्ण जीपीएल, गिटहबवरून फुकट घे, इच या इंडी गेमच्या साइटवरून फुकट घे, आणि तरी स्टीम या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात पैसे देऊन घेणारे भरपूर लोक आहेत. शॅटर्ड पिक्सेल डंजन, हा मुळात वाटाबू नावाने काम करणाऱ्या डेव्हलपरच्या पिक्सेल डंजनवरून निघाला, त्याने २०१४ मध्ये सोर्स ओपन केला, इव्हान डेबेनहॅमने त्यावर स्वतःची आवृत्ती सुरू केली आणि ती इतकी वर्षं वाढवत नेली की आज मूळ गेमपेक्षा लोक तीच जास्त खेळतात, अँड्रॉइडवर फुकट, स्टीमवर आणि आयफोनवर विकत, आणि त्याचं पूर्णवेळ काम तेच आहे. फुकट मिळत असताना लोक पैसे का देतात? अपडेट आपोआप येतात, सेव्ह क्लाउडवर राहतो, मित्राला गिफ्ट देता येतो, आणि मुख्य म्हणजे खूप जणांना डेव्हलपरला पैसे द्यायचेच असतात, त्यांना फक्त सोपा रस्ता हवा असतो. तो रस्ता ठेवायला विसरू नका, नुसतं गिटहबवर टाकून गप्प बसलं तर कोण शोधत येणार.

आता ते दुसरं काम म्हणजे काय ते सांगते, कारण हे बाहेरून दिसत नाही. डूम या गेमचा कोड तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने १९९७ च्या डिसेंबरमध्ये दिला, तेव्हा डॉसवरचा साउंडचा भाग देता आला नाही कारण ती साउंड लायब्ररी बाहेरून घेतलेली होती, म्हणून लिनक्सवाली आवृत्ती दिली, आणि लायसन्ससुद्धा आधी वेगळं होतं, जीपीएल १९९९ ला आलं. २०११ ला डूम ३ चा कोड द्यायची वेळ आली तर सावल्या काढायच्या एका पद्धतीवर पेटंट असल्यामुळे वकील अडले आणि आयडीच्या प्रोग्रामर जॉन कार्मॅकला तेवढा भाग नव्याने लिहावा लागला. एवढ्या मोठ्या, पैसेवाल्या कंपनीची ही गत तर दोन माणसांच्या टीमचा विचार कर. ऑडिओचं मिडलवेअर, म्हणजे बाहेरचं तयार सॉफ्टवेअर, विकत घेतलेलं असतं, ते देता येत नाही. कन्सोलवर गेम आला असेल तर त्याच्या एसडीकेचा, म्हणजे कन्सोलवाल्या कंपनीने दिलेल्या टूल्सचा, कोड गुप्ततेच्या करारात असतो, त्याची एक ओळ जरी बाहेर गेली तरी भानगड. असेट स्टोअरवरून (तयार चित्रं, मॉडेल्स विकणारं दुकान) घेतलेलं झाड गेममध्ये वापरायला परवानगी असते, पण ती फाइल जशीच्या तशी रिपॉझिटरीत (कोड ठेवायच्या सामायिक जागेत) टाकायला नसते. संगीत बहुतेक वेळा संगीतकाराच्या हक्कात असतं. कमिट हिस्टरीत, म्हणजे कोडमधल्या जुन्या बदलांच्या नोंदीत, कुठेतरी तीन वर्षांपूर्वी कोणीतरी सर्व्हरचा पासवर्ड टाकलेला असतो, म्हणून मी तरी नेहमी सांगते की जुनी हिस्टरी सोडून द्या, स्वच्छ नवी रिपॉझिटरी करा. आणि हे सगळं झाल्यावर ते दुसऱ्याच्या मशीनवर बिल्ड होतंय का, म्हणजे कोडपासून चालणारा गेम तयार होतोय का, हे बघायचं, त्यात आठवडे जातात, खोटं नाही सांगत, डेव्हलपरच्या स्वतःच्या लॅपटॉपवर काय काय इन्स्टॉल केलेलं असतं ते त्याला स्वतःलाही आठवत नसतं.

आणि एक अडथळा असा आहे जो लोक बोलत नाहीत, लाज. आपला कोड घाणेरडा आहे, लोक हसतील. टेरी कॅव्हनाने त्याच्या व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही या गेमला दहा वर्षं झाली तेव्हा, २०२० च्या जानेवारीत, सोर्स बाहेर ठेवला, त्यात एक भलामोठा स्विच (आकडा बघून पुढे काय करायचं ते ठरवणारा कोडचा तुकडा) आहे ज्यात गेममधल्या सगळ्या घटना नुसत्या आकड्यांनी ओळखायच्या, आणि लोकांनी त्याचे फोटो काढून फिरवले. पण त्याच कोडवर बाहेरच्या लोकांनी येऊन शेकडो दुरुस्त्या केल्या, २.३ आणि २.४ या आवृत्त्या बऱ्याच अंशी त्यांच्याच मेहनतीवर उभ्या आहेत, २.४ मध्ये तर कितीतरी भाषा आल्या. त्याचं लायसन्स पूर्ण ओपन सोर्स नाहीये, विकायला परवानगी नाही, तरी शिकायला आणि दुरुस्त करायला मिळालं. त्यामुळे कोणी सोर्स ओपन केला की पहिली गोष्ट, कोडची खिल्ली उडवू नका. तो गेम पूर्ण झाला, लोकांनी खेळला, हेच त्या कोडचं सर्टिफिकेट. दुसरा कोणी डेव्हलपर ते हसणं बघतो आणि आपला कोड कपाटात ठेवून देतो, हे मी होताना बघितलंय.

बरं, आता पैसे कमी असताना काय करायचं. विकत घेतलास तर शक्यतो स्टीमवर विकत घे आणि रिव्ह्यू लिही, दोन ओळी चालतील. दहा रिव्ह्यू होईपर्यंत स्टीम गेमला रेटिंगच दाखवत नाही, आणि बाहेरून मिळालेली ‘की’, म्हणजे गेम चालू करायचा नंबर, देऊन चालू केलेल्या कॉपीचे रिव्ह्यू त्या रेटिंगमध्ये धरत नाहीत, म्हणजे लहान गेमसाठी तुझ्यासारख्या दहा जणांनी खरेदी करून लिहिलेलं फार मोलाचं असतं. स्टीम साधारण ३० टक्के कापून घेतं, इचवर डेव्हलपर स्वतः ठरवतो इचला किती द्यायचं, नाही ठरवलं तर १० टक्के, आणि तिथे किमतीपेक्षा जास्तही देता येतात. मग कुठून घ्यायचं? गेम नवीन असेल, रिव्ह्यू कमी असतील तर स्टीम, जुना झाला असेल आणि तुला फक्त डेव्हलपरला पैसे पोचवायचे असतील तर इच, माझं तरी असं आहे. स्वस्तात ‘की’ विकणाऱ्या साइट्सवरून मात्र घेऊ नकोस. त्यातल्या काही कीज चोरीच्या कार्डांवर घेतलेल्या असतात, खरा कार्डवाला तक्रार करतो, पैसे परत जातात आणि वरचा दंड डेव्हलपरच्या माथी. परवडत नसेल तर विशलिस्टला टाक, सेलची वाट बघ, त्यात काहीही कमीपणा नाही, भारतातल्या किमती बऱ्याच गेम्सच्या तशाही कमी ठेवलेल्या असतात.

दर महिन्याला थोडे थोडे द्यायचा विचार असेल तर एक अडचण आधीच सांगते. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटोपेमेंटचे नियम कडक झाले, तेव्हापासून परदेशी साइट्सवरची दरमहाची देणगी आपल्या कार्डांवरून बरेचदा फेल होते आणि कळतही नाही. त्यापेक्षा वर्षातून एकदा एकरकमी दे, पाचशे दे, काय जमेल ते दे.

आणि नुसता गेमवाल्यांनाच नको, ज्यावर गेम उभे आहेत त्या टूल्सना पण दे. गोडो २०१४ मध्ये हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झुर या अर्जेंटिनातल्या दोघांनी ओपन केला, एमआयटी लायसन्स, म्हणजे तुमच्या कमाईवर त्यांचा एक पैशाचा हक्क नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या गेम बनवायच्या दुसऱ्या साधनाच्या कंपनीने दर इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं तेव्हा किती जणांची झोप उडाली विचार, पूर्ण झालेले गेम, आणि नियम मागाहून बदलणार. नंतर त्यांनी ते बदललं, वर्षभराने रद्दच केलं, पण त्याच आठवड्यांत टेरारिया हा गेम बनवणाऱ्या री-लॉजिकने गोडोला १ लाख डॉलर आणि एफएनएला १ लाख डॉलर दिले, वर दोघांनाही दरमहा हजार डॉलर. एफएनए तुम्ही ऐकलं नसेल. मायक्रोसॉफ्टने एक्सएनए हे गेम बनवायचं साधन सोडून दिल्यावर त्यावरचे गेम जिवंत ठेवणारी लायब्ररी आहे ती, मुख्यतः एथन ली या एका पोर्टिंगवाल्याने सांभाळलेली, सेलेस्टसारखा गेम लिनक्सवर चालतो तो तिच्या जोरावर. आमच्या कामात असल्या माणसांवर सगळं उभं असतं आणि त्यांचं नाव शेवटच्या क्रेडिट्समध्ये कुठेतरी बारीक अक्षरात, म्हणून मला ती देणगी इतकी बरोबर वाटली.

आपल्याकडे पण काही होतंय. झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला १० लाख डॉलर, जगभरातल्या ओपन सोर्स प्रोजेक्ट्ससाठी, त्यासाठी आपल्या साइटवर फंडिंगची माहिती ठरावीक साच्यात (जेसन) लिहिलेली एक फाइल ठेवावी लागते. ते लोक भरपूर वापरात असलेलं काम बघतात, कॉलेजच्या गेमसाठी नाहीये ते, पण उद्या तुमच्यातल्या कोणी गोडोसाठी चांगलं प्लगइन (त्यात नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्रॅम) लिहिलं आणि लोक वापरायला लागले तर लक्षात ठेव. आणि पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा राजी हा गेम आठवतो ना, २०१७ ला त्यांची किकस्टार्टर मोहीम (लोकांकडून आधीच पैसे गोळा करायची) ठरलेल्या रकमेपर्यंत पोचली नाही, गेम २०२० ला आला तेव्हा सगळीकडे आपल्या पुण्याचा गेम म्हणून कौतुक. कौतुक हवंच, पण पैशांची गरज २०१७ ला होती. अशी मोहीम पुढच्या वेळी दिसली की थोडे का होईना तेव्हा लावायचे.

पैसे नसतील तर वेळ. तुम्हा मुलांकडे एक गोष्ट आहे जी परदेशातल्या डेव्हलपरकडे नसते, साधे लॅपटॉप, ग्राफिक्स कार्ड नसलेले, चार जीबी आठ जीबी रॅमवाले. त्यावर गेम चालवून बघ आणि नीट बग रिपोर्ट लिही, कोणती आवृत्ती, कोणता ग्राफिक्स चिप, ड्रायव्हर, काय केलं की क्रॅश होतो, लॉग फाइल जोडून. नुसतं चालत नाहीये भाऊ असं लिहिलं तर समोरच्याचा एक दिवस जातो. असा एक नीट रिपोर्ट मला कुठल्याही कौतुकाच्या मेलपेक्षा जास्त उपयोगी पडलाय. सोर्स ओपन असेल तर तो तुझ्या मशीनवर बिल्ड करून बघ आणि जिथे अडलास तिथे रीडमीत (सूचनांच्या फाइलमध्ये) चार ओळींची भर घालून पाठव, पहिलं काँट्रिब्युशन म्हणून याच्यासारखं दुसरं नाही. झिरो एडी हा गेम बघ, २००१ ला एज ऑफ एम्पायर्स २ चं मॉड (मूळ गेममध्ये बदल करून केलेली आवृत्ती) म्हणून सुरू झाला, २००९ ला सोर्स ओपन झाला, त्यात मौर्य आहेत, चंद्रगुप्त अशोक सगळे, आणि तो अजूनही लोकांच्या फावल्या वेळावर चाललाय, तिथे अनुवादाला, टेस्टिंगला कायम माणसं हवी असतात.

मराठीबद्दल एक खास सांगायचंय. गोडो ३ मध्ये देवनागरी लिहिलं की वेलांट्या चुकीच्या जागी, जोडाक्षरं तुटलेली, बघवत नव्हतं. मार्च २०२३ ला गोडो ४ आला आणि त्यात मजकूर मांडायची यंत्रणाच नवी लिहिली गेली, तेव्हापासून मराठी नीट दिसतं. हे कोणा कंपनीने आपल्यासाठी केलं नाही, ओपन प्रोजेक्ट होता म्हणून कोणीतरी बसून केलं. फाँटही आहेत, मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू, दोन्ही ओपन फाँट लायसन्सखाली, म्हणजे गेममध्ये घाला, विका, सोर्सबरोबर द्या, सगळं चालतं. त्यामुळे तुमचा गेम मराठीतही काढा, आता तांत्रिक अडचण काही उरलेली नाही.

तर तुमच्या गेमचं. माझं मत विचारशील तर कोड जीपीएलखाली द्या, आर्ट, संगीत आणि नाव स्वतःकडे ठेवा, आणि आधी विका, वर्षभराने कोड काढा. एमआयटी पण चालेल, पण मग कोणीही तुमचा कोड घेऊन बंद गेम करू शकतो हे मान्य असायला हवं, लायब्ररी असती तर मी एमआयटीच म्हटलं असतं. जीपीएलमध्ये एक खाच आहे, स्टीमचा एसडीके बंद आहे, कोड पूर्ण तुमचाच असेपर्यंत तुम्ही काहीही करू शकता, पण बाहेरच्यांचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, घ्यायला लागलात की त्यांचीही परवानगी लागते, म्हणून लायसन्समध्ये स्टीमच्या एसडीकेपुरती सूट सुरुवातीलाच लिहून टाका. आणि आजपासून एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा, प्रत्येक आवाज, फाँट, चित्र कुठून आलं, लायसन्स काय, तारीख. केनी या साइटवरचे असेट्स (तयार चित्रं, आवाज) सीसी झिरो आहेत, म्हणजे कुठलीही अट नाही, बिनधास्त वापरा, फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवर मात्र प्रत्येक आवाजाचं लायसन्स वेगळं, त्यातली कितीतरी विकायच्या कामाला चालत नाहीत. ही फाइल नसली तर सोर्स ओपन करायच्या वेळी एकेका आवाजाच्या मागे गुगलवर फिरावं लागतं आणि बऱ्याच टीम्स तिथेच नाद सोडतात.

शेवटचं, जे कोणी मित्र मित्र करत नाहीत. चौघांमध्ये कोणाचं काय हे कागदावर लिहा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ज्याने केलं त्याचा हक्क, दुसऱ्याकडे द्यायचा तर लेखीच लागतं, सही लागते, आणि कलम १९ मध्ये असं आहे की मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे आज तुमच्यातल्या एकीने सगळी चित्रं काढली, नुसतं तोंडी ठरलं, ती नोकरी लागून बंगळूरला गेली, तर दोन वर्षांनी तुम्हाला ना गेम नीट विकता येणार ना ओपन करता येणार, कोणाच्या मनात काही वाईट नसतानाही. एक पान पुरतं, कोण काय करतंय, हक्क कोणाकडे, किती काळ, कुठे कुठे, पैसे आले तर वाटणी कशी, कोणी सोडून गेलं तर काय, आणि सोर्स ओपन करायला चौघांची संमती आहे का, असेल तर कुठल्या लायसन्सखाली. ओळखीच्या वकिलाला एकदा दाखवा, आणि त्यावर चौघांच्या सह्या होईपर्यंत रिपॉझिटरी प्रायव्हेटच ठेवा.